अकरा सेंटिमीटरची खाच

कठीण पेन्सिलीने ओढलेली रेघ खोडरबराने जाते, पण तिची खाच कागदात राहते. समोरून पाहिलं तर कागद कोराच दिसतो. तोच खिडकीपाशी नेऊन जवळजवळ आडवा धरला आणि उजेड एका बाजूने येऊ दिला, तर खाचेच्या एका काठावर बारीक सावली पडते. माझ्या हातातल्या कागदावर अशी एक खाच आहे. डाव्या समासापासून चोवीस सेंटिमीटरवर सुरू होते, खाली जाताना किंचित उजवीकडे झुकते आणि अकरा सेंटिमीटर जाऊन थांबते. आलेखाचं प्रमाण एकास दहा. म्हणजे जमिनीत ती एक मीटर दहा सेंटिमीटर भरते.

“सापडला का जुना आलेख?” चष्मेवालीने तंबूत डोकं घातलं.

“सापडला.”

“मग चला ना, ताई. छेद घासून ठेवलाय. ऊन चढलं की रंग मरतात.”

“तू हो पुढे. आलेच.”

मी कागद गुंडाळून नळीत घातला. बावीस वर्षं तो याच नळीत होता. या काळात मी तो किती वेळा आडवा धरून पाहिला, ते मोजलेलं नाही. एरवी मी सगळं मोजते.

उत्खननात मी छेदांचे आलेख काढते. चर खणला की त्याच्या उभ्या भिंतीत मातीचे थर दिसतात, कपाटात घडी घालून ठेवलेल्या चादरींसारखे, सगळ्यांत जुना सगळ्यांत खाली. त्या भिंतीसमोर पाणसळीने दोरी ताणायची, दोरीला टेप बांधायची, दर दहा सेंटिमीटरला ओळंबा सोडायचा आणि प्रत्येक थराची रेघ कुठे सुरू होते, कुठे वाकते, ते कागदावर उतरवायचं. खणणारे मला रेघबाई म्हणतात. सकाळी मी चराच्या काठावर आले की कोणीतरी हमखास ओरडतं, “सरळ उभे राहा रे, रेघबाई आल्या, नाहीतर वाकडे काढतील!” मी हसते. हा विनोद माझ्या नोकरीइतकाच जुना आहे.

कामाचा नियम एकच, आणि तो उत्खननाचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी शिकवला होता. दिसतं ते काढायचं. माहीत आहे ते नाही, कोणी सांगितलं ते नाही.

दोन चरांच्या मधे एक मीटर रुंदीची माती न खणता सोडतात. तिला आम्ही बांध म्हणतो. तो येण्याजाण्याच्या उपयोगाचा असतो, आणि पुढे कधी शंका आली तर पुन्हा तपासायला थोडी अस्पर्श माती शिल्लक राहावी म्हणूनही असतो. चौथ्या चराचा बांध बावीस हंगाम तसाच उभा होता. आता काम कायमचं थांबणार होतं. शेवटचा अहवाल छापायचा होता, चर बुजवायला यंत्र दुसऱ्या दिवशी यायचं होतं. म्हणून चष्मेवालीने हट्टाने तो बांध अर्धा मीटर मागे कापला. ती या चराची प्रमुख. चौथा चर पहिल्यांदा उघडला तेव्हा ती शाळेत पाढे पाठ करत असेल.

मी शिडी उतरून खाली आले. ती हातपंपाने भिंतीवर पाण्याचा फवारा मारत होती. कोरडी माती सगळी एकाच रंगाची दिसते. ओली झाली की ती बोलायला लागते, तेही फार तर दहा मिनिटं.

“ताई, हे बघा.”

मला दाखवायची गरज नव्हती. तिसऱ्या थराच्या तळातून एक रेघ निघाली होती. तिच्या डावीकडे पिवळट घट्ट माती, उजवीकडे तीच पिवळट माती, पण त्यात राखेचे ठिपके. रेघ चौथा, पाचवा, सहावा थर कापत, किंचित उजवीकडे झुकत, सातव्यात जाऊन टेकली होती.

“खड्डाच आहे ना हा?”

“खड्डाच आहे.”

“तिसऱ्या थरातल्या लोकांनी खणलेला. आणि तळ सातव्यात. ताई, पातं कुठे सापडलं होतं हो?”

चौथ्या चरातलं पातं सगळ्यांना माहीत होतं. वीतभर लांबीचं लोखंडी पातं, सातव्या थरात सापडलेलं. लोखंडाचं वय थेट काढता येण्यासारखं नव्हतं, सगळं गंजलेलं. सातव्या थरातल्या कोळशाचं वय मात्र प्रयोगशाळेने काढून दिलं होतं. जो थर, ते वय. त्यामुळे ते पातं आसपासच्या कुठल्याही लोखंडापेक्षा सातशे वर्षांनी जुनं ठरलं, आणि सर त्या पात्याचे सर झाले.

“या भिंतीपासून पावलाभर पुढे,” मी म्हणाले.

तिने जुना आलेख नळीतून काढून फळीवर पसरला. खाली वाकून, चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. उजेड समोरून येत होता.

“यात तर काहीच नाही.”

“तो अर्धा मीटर पुढचा छेद. खड्डा बांधाच्या आतच संपला असेल.”

बोलून झाल्यावर मला माझ्याच आवाजातली सफाई ऐकू आली. बावीस वर्षं मनात घोटलेलं वाक्य असं गुळगुळीत बाहेर पडतं.

“असेल,” ती म्हणाली. पण तिचं समाधान झालं नव्हतं. “चाळणबाबांना बोलावू का? ते होते ना तेव्हा?”

चाळणबाबा. तेव्हा त्यांना सगळे मुकादम म्हणायचे, मी अजून म्हणते. चौथ्या चराचे मुकादम तेच होते. त्यांच्याइतकी सफाईने थापी चालवणारा माणूस मी पाहिलेला नाही. थापीचं पातं भिंतीला अगदी सपाट लावून ते वरून खाली घासत यायचे आणि मधेच थांबून म्हणायचे, “इथं माती बदलली.” आम्ही डोळे फाडून पाहायचो, काही दिसायचं नाही. फवारा मारला की दिसायचं.

पातं सापडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच भिंतीसमोर बसले होते. एकटीच. रात्रीचं दव होतं, माती आयती ओली होती. मी रेघ पाहिली, तीन वेळा मापली आणि काढली. अर्ध्या तासाने मुकादम आले, थापी फिरवली आणि म्हणाले, “रेघबाई, इथं सैल लागतंय. खड्डा आहे. पातं वरून खाली आलंय.” ते नेहमीप्रमाणे मोठ्याने बोलले. काठावर सर उभे होते.

सर खाली उतरले. तोवर माती वाळली होती. त्यांनी भिंत पाहिली, माझा कागद पाहिला. चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत. त्यांनी शांतपणे विचारलं, “बाई, ही रेघ तुम्हाला दिसली, की यांनी सांगितली म्हणून काढलीत?”

त्याच आठवड्यात माझ्या कायम नेमणुकीच्या पत्रावर त्यांची सही व्हायची होती. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती. ही कारणं आहेत. ती खरी आहेत, आणि त्यांनी काहीही बदलत नाही.

मी म्हणाले, “यांनी सांगितली.”

“मग नियम तुम्हाला माहीत आहे.”

मी रेघ खोडली. आलेखावर दबाव आणला म्हणून दुसऱ्या दिवसापासून मुकादमांच्या हातून चर गेला. त्यांना चाळणीवर बसवलं. बावीस हंगाम ते चाळणीवरच आहेत.

आता ते चष्मेवालीचा खांदा धरून शिडी उतरत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक शस्त्रक्रिया झाली, ती बिघडली. तरी चाळणीवरून त्यांना कोणी हलवलं नाही, कारण खडे, हाडं, खापऱ्या ते बोटांनीच ओळखतात.

“कोणता चर हा?”

“चौथा, काका.”

ते शिडीच्या शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबले.

“बरं.”

कमरेच्या फडक्यातून त्यांनी थापी काढली. घासून घासून तिचं पातं दोन बोटांएवढं उरलं होतं. डावा तळवा भिंतीवर टेकवून त्यांनी थापी वरून खाली ओढली. एकदा, पुन्हा एकदा, हातभर बाजूला. मग थापी थांबली. तिचं टोक त्यांनी बरोबर रेघेवर ठेवलं आणि तिथून खाली, न चुकता, सातव्या थरापर्यंत नेलं.

“सैल आहे,” ते म्हणाले. “इकडे घट्ट, इकडे सैल. खड्डा.”

“काका, तेव्हाही इथेच लागला होता का?” चष्मेवालीने विचारलं.

“तेव्हा भिंत कुठे होती?”

“अर्धा मीटर पुढे.”

त्यांनी मागे हात नेऊन हवेत ते अंतर चाचपलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू आलं. ते हसू पाहण्यापेक्षा मला शिव्या चालल्या असत्या.

“अर्धा मीटर मागे होय? मग तसंच झालं असेल. पलीकडे पोकळ असलं की अलीकडची माती पण हाताला सैल लागते. म्हणजे खड्डा होता, पण मागे होता. हातभर चुकलो मी, अगदीच वेडा नव्हतो.” आणि माझ्या दिशेला मान करून, “काय रेघबाई? हातभर म्हणजे फार नाही ना?”

“नाही, मुकादम,” मी म्हणाले. “फार नाही.”

दुपारचा चहा मी चाळणीपाशी नेला. तसं मी कधी करत नाही. आलेख काढणारे तंबूत चहा घेतात, खणणारे झाडाखाली. मुकादम लाकडी चौकटीशी बसून चाळणीतली माती तळव्याने फिरवत होते.

“या. आज इकडं कुठं वाट चुकलात?”

“सहज.”

“सहज कोणी चाळणीपाशी येत नाही. धूळ असते इथं.” त्यांनी कप घेतला. “मला वाटलंच होतं तुम्ही याल. तुम्हाला वाईट वाटत असेल.”

मी चौकटीच्या कडेला टेकले.

“वाटून घेऊ नका. तुम्हाला नव्हतं दिसलं, तुम्ही नाही म्हणालात. उगाच माझ्या भिडेखातर खोटी रेघ ठेवली असती तर मीच म्हणालो असतो, या बाईचं काही खरं नाही. घरची म्हणायची, त्या रेघबाईनं तुमचा घात केला. मी म्हटलं, गप बस. ती बाई खोटं काढणारी नाही.”

मी कप खाली ठेवला. त्यातल्या चहावर धुळीची साय धरत होती.

“राग नव्हता आला, मुकादम?”

“कोणाचा? हाताचा आला.” त्यांनी उजवा हात वर धरला, जणू तो त्यांच्या ओळखीचा एक माणूस होता. “बाई, शिकलेल्या माणसाकडे पुस्तक असतं, तुमच्याकडे टेप असते. माझ्याकडे हा होता. तो खोटा निघाला. मग दुसरं काही सांगायला तोंड उघडायचं, तर आधी मनात यायचं, हेही तसंच नसेल कशावरून? पोरगा म्हणाला, मला थापी शिकवा. मी म्हटलं, तू गवंड्याकडे जा. तिकडे भिंत चुकली तर दिसते तरी. माझं शिकून तू पण फसशील.”

“शिकवलं नाहीत?”

“नाही.” त्यांनी चाळणी हलवली. “आज जरा बरं वाटलं. अगदी हवेतनं नव्हतं काढलं मी. पण एक सांगू? सातव्या थराची इतकी माती चाळली इतकी वर्षं. खापऱ्या आल्या, मणी आले, उंदराचे दातसुद्धा आले. लोखंडाचा कण नाही. एवढ्या लोकांत एकालाच कसं हो मिळालं लोखंड?” ते स्वतःशीच हसले. “जाऊ दे. मी चाळणारा माणूस. चाळावं आणि गप बसावं.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण मान वळवून थांबले. मग मी म्हणाले, “चहा गार झाला तुमचा.” आणि उठले.

तंबूत आल्यावर मी हिशोब मांडला, शास्त्र शिकलेली माणसं मांडतात तसा. बोलले तर पातं सातशे वर्षांनी तरुण होतं. सरांचं उभं आयुष्य त्या पात्यावर आहे. माझंही काही उरत नाही. माझे अकराशे आलेख छापले गेलेत. ज्या बाईने एक रेघ खोडली, तिच्या बाकीच्या रेघांवर कोणी का विश्वास ठेवावा? आणि नाही बोलले, तर उद्या सकाळी यंत्र येतं, भिंत मातीखाली जाते, आणि सगळे सुखी राहतात. मुकादमसुद्धा. ते हातभर चुकलेले असतात, एवढंच.

हे ‘एवढंच’ मला काही केल्या गिळता येईना.

चार वाजता सर आले. आता ते काठीने चालतात. शिडी उतरवत नाही, म्हणून काठावर घडीची खुर्ची टाकली होती. मी खाली चरात फळीपाशी होते; चष्मेवालीने तिथूनच छेद दाखवला. तिने फवारा नव्याने मारला होता. रेघ स्वच्छ दिसत होती, त्या उंचीवरूनही.

सरांनी काठीवर भार देऊन खाली वाकून पाहिलं.

“छान घासला आहेस छेद,” ते म्हणाले. “लिहा. तिसऱ्या थरातील खड्डा, बांधापुरता मर्यादित. जुन्या छेदात अनुपस्थित.”

“सर, पण पात्यापासून अंतर फक्त पन्नास सेंटिमीटर आहे.”

“पन्नास सेंटिमीटरच्या पट्टीत अख्खा माणूस पुरता येतो, मुली. आपण पुरलेले काढलेतही.” कोणीतरी हसलं. “पुरावा काय आहे? जुना आलेख. त्यात खड्डा नाही.”

“बरोबर आहे, सर,” काठाच्या दुसऱ्या बाजूने मुकादम म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. चाळणी धुऊन, हात पुसून ते तिथे येऊन उभे राहिले होते. “मागेच होता तो. माझाच हात पुढं सरकला.”

सरांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं. त्यांनी ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“बाई, जुना आलेख तुमचा. नोंदीसाठी विचारतो. तेव्हा या जागी तुम्हाला काही दिसलं होतं?”

तोच माणूस, तोच प्रश्न, तीच जागा. फक्त या वेळी माझ्याकडून काही मिळवायचं नव्हतं, म्हणून त्यात धमकी नव्हती. उत्तर काय येणार, याची खात्री होती. त्यांनी लिहायला सुरुवातही केली होती.

मी फळीवरचा जुना आलेख पुढे ओढला. मूळ आलेखाला नंतर हात लावायचा नाही, हाही नियमच आहे. मी डब्यातली सगळ्यांत मऊ पेन्सिल घेतली, आडवी धरली आणि डाव्या समासापासून चोवीस सेंटिमीटरवर, वरून खाली, हलक्या हाताने कागद काळा करत गेले. शिसं सपाट कागदाला लागतं, खाचेत उतरत नाही. करड्या पट्ट्यात एक पांढरी रेघ उमटत गेली. किंचित उजवीकडे झुकणारी.

चष्मेवालीने माझ्या खांद्यावरून पाहिलं. मग भिंतीकडे. मग पुन्हा कागदाकडे. तिचा हात आपोआप टेपकडे गेला.

“काय करताय, बाई?” वरून सरांनी विचारलं. पेन थांबलं होतं.

मी कागद वर धरला. सरांना तो दिसत होता. त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं. मुकादमांना दिसत नव्हता. ते मान किंचित तिरपी करून उभे होते, सगळे एकाएकी गप्प का झाले, ते ऐकत. थापी गुंडाळलेलं फडकं त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं.

म्हणून मी सरांकडे पाठ केली, आणि त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“हातभरही चुकला नव्हतात, मुकादम. रेघ तिथेच होती. तुम्ही सांगायच्या अर्धा तास आधी मला दिसली होती.”